पुरावा क्रमांक चार

२ मार्च, रविवार

सासऱ्यांकडे जेवायला गेलो होतो. बैठकीच्या खोलीत नवी फ्रेम. फ्रेममध्ये माझा साडू. म्हणजे त्याचं नाक, अर्धा चष्मा, आणि बाकी सगळं धुकं. खाली सासऱ्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘शिखरावर, ९ जून’. त्या खिळ्यावर गेल्या महिन्यापर्यंत आमच्या लग्नाचा फोटो होता. तो आता स्वयंपाकघरात, दारामागच्या भिंतीवर. दार उघडं असलं की दिसत नाही. ते दार कायम उघडंच असतं.

सासऱ्यांनी सगळ्यांदेखत माझ्या गुडघ्याची चौकशी केली. नऊ महिने झाले, तरी. साडू लगेच म्हणाला की साडोबा बरोबर होते म्हणून मी वर पोचलो. मेहुणी हसली. हीसुद्धा हसली. मी पाणी प्यायलो.

मला साडोबा म्हणतो. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. याची नांगी ठेचल्याशिवाय राहणार नाही.

३ मार्च

बावीस वर्षं विमा कंपनीत खोटे दावे पकडतोय. जळालेलं दुकान बघून मालक खोटं बोलतोय की खरं, हे मी त्याच्या चपलांवरून सांगतो. आणि घरातला दावा मी नऊ महिने तपासलाच नाही. चूक माझी.

जेवणाच्या सुट्टीत फाइल उघडली. विषय: साडू शिखरावर गेल्याचा दावा.

हकिगत. गेल्या वर्षी ९ जूनला आम्ही दोघं राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकातून सकाळी सहाला निघालो. दुसऱ्या निवाऱ्यात ११.१० ला मी थांबलो. कारण, डावा गुडघा. शिवाय तंबूजवळ कुणीतरी थांबणं भाग होतं. (तंबू पहिल्या निवाऱ्यात होता. हा तपशील गौण.) साडू ११.२० ला एकटा वर गेला, २.४० ला परत आला. तीन तास वीस मिनिटांत माणूस वर जाऊन येऊ शकत नाही. मी स्वतः तेवढ्या वेळात पहिल्या निवाऱ्यापर्यंतही पोचलो नव्हतो.

पुरावा क्र. १: फोटो. धुकं कुठेही मिळतं.
पुरावा क्र. २: परत आला तेव्हा बूट स्वच्छ.
पुरावा क्र. ३: वर जाऊन आलेला माणूस बढाई मारतो. हा गप्प होता.
पुरावा क्र. ४: बिल्ला.

बिल्ल्याचं असं आहे. शिखरावर एक पत्र्याचा डबा आहे, त्यात वही. जो पोचेल त्याने नाव लिहायचं. उतरल्यावर फाटकावर विचारतात, वहीत नाव आहे का. हो म्हटलं की पितळी बिल्ला देतात. साडूने दोन आणले. एक गाडीत गुपचूप माझ्या हातावर ठेवला. मी तो तत्काळ पुरावा म्हणून ताब्यात घेतला. हरवू नये म्हणून कोटाला लावून ठेवलाय. कोट ऑफिसला घालावाच लागतो, त्याला माझा इलाज नाही.

ऑफिसात लोक समजायचं ते समजले. मी वर गेलो असं एकदाही म्हणालो नाही. फक्त नाही म्हणालो नाही.

५ मार्च

उद्यानाच्या फाटकावर फोन केला. वनरक्षक बाईंनी उचलला. वही दोन वर्षांनी बदलतात, गेल्या वर्षीचं पान अजून वरच आहे. ते पान जरा वाचून दाखवता का म्हणून विचारलं. बाईंनी विचारलं की शिखर म्हणजे काय ते मला माहीत आहे का. उद्धट. तक्रार करणार. नाव विचारायचं राहिलं.

म्हणजे वर जावंच लागणार. जाईन. वहीत ९ जूनच्या पानावर साडूचं नाव नसल्याचा फोटो काढीन. पाकिटात सीलबंद करीन. १४ जूनला सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे, सगळं गणगोत येणार. पाकीट सासऱ्यांच्याच हातात द्यायचं. ते निवृत्त शाळातपासनीस. हातात आलेला कागद मोठ्याने वाचल्याशिवाय त्यांना राहवत नाही. औषधाच्या डबीतला कागदसुद्धा वाचून दाखवतात.

साडूचं तोंड बघण्यासारखं होईल. आणि त्या खिळ्यावर आमचा फोटो परत येईल. मी दुसरं काही मागत नाही.

६ मार्च

व्यायाम सुरू. आजपासून ऑफिसचे चारही मजले जिन्याने.

७ मार्च

दुसऱ्या मजल्यावर हिशेबनीस भेटला. बोलत बोलत लिफ्टमध्ये शिरलो. संभाषण मध्येच तोडणं बरं दिसत नाही.

१० मार्च

जिना धुतलेला. धोका.

१९ मार्च

मॅनेजरसाहेबांनी माझा बिल्ला बघून नव्या भरतीसमोर ‘जिद्द’ या विषयावर बोलायला लावलं. वीस मिनिटं बोललो. दुसऱ्या निवाऱ्यापर्यंतचं सगळं अनुभवातून सांगितलं. त्यापुढे धुक्याचं वर्णन केलं. एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं एक अक्षर बोललो नाही.

१२ एप्रिल, शनिवार

पहिली मोहीम. एकट्याने. हिला माहेरी पाठवलं, कुठे जातोय ते सांगितलं नाही. गुप्तता हा तपासाचा प्राण आहे.

सकाळी ७.१५. फाटक. तिथल्या नोंदवहीत नाव, फोन नंबर, पत्ता, जाण्याची वेळ. वनरक्षक बाईंनी बजावलं की परत येताना सही करायला विसरू नका, अंधार पडेपर्यंत सही नसली तर आम्ही शोधायला निघतो. मी म्हटलं, मला नियम शिकवू नका, आमच्या ऑफिसात नोंदवह्यांची दोन कपाटं आहेत.

८.००. चढ अपेक्षेपेक्षा उभा. गेल्या वर्षी एवढा नव्हता.

८.४०. पहिला बाक. बसलो. दरी पाहिली. उठताना कमरेत काहीतरी सटकलं. माघार म्हणता येणार नाही, हा टेहळणीचा दौरा होता. मार्ग पाहिला, बाक पाहिला.

आता अडचण अशी की सव्वासातला गेलेला माणूस साडेनऊला परत आला तर त्या बाई हसणार. तेवढ्यात डावीकडे एक पायवाट दिसली. ती थेट पार्किंगमध्ये उतरते. गुपचूप गाडीत बसलो आणि घरी. दिवसभर फाइलवर काम. लक्ष विचलित होऊ नये म्हणून फोन बंद. लवकर झोपलो.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी सहाला दारावर धक्के. उघडलं तर ही, मेहुणी, पिवळ्या जॅकेटमधले दोन स्वयंसेवक आणि साडू.

सहीचं राहिलं होतं. अंधार पडल्यावर त्यांनी फोन केले, माझा बंद. मग नोंदवहीतलं माझं नाव ओळखून कुणीतरी साडूला कळवलं, तो त्यांच्या शोधपथकात असतो म्हणे. रात्रभर पाऊस. हे लोक दुसऱ्या निवाऱ्यापर्यंत माझ्या नावाने हाका मारत फिरले. साडू एका घळीत उतरला, कारण तिथे निळी टोपी दिसली. टोपी माझी नव्हती. पाय मुरगळला. घरी पत्त्यावर बघायला हिनेच सुचवलं, पहाटे.

साडू कानापर्यंत चिखलाने माखलेला. माझ्याकडे बघितलं आणि जिन्याच्या पायरीवरच बसला. एवढंच म्हणाला की साडोबा, तुम्ही ठीक आहात ना. त्याचे डोळे लाल होते. जागरणाने झाले असावेत.

माझ्या अंगाला साधा ओरखडा नाही, आणि कौतुक याचं. सासऱ्यांनी फोनवर त्याची विचारपूस केली. माझी केली नाही. माझ्या हरवण्यावर याने नाव कमावलं. फाइलमध्ये नवं परिशिष्ट जोडलं: प्रसिद्धीची हाव.

ही दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

१६ एप्रिल

उद्यानाचं पत्र. सहा महिने मला एकट्याने प्रवेश नाही. बरोबर ‘जबाबदार प्रौढ व्यक्ती’ हवी. ‘प्रौढ’ खाली रेघ मारली आहे. ही त्या बाईंचीच करामत.

२ मे

जबाबदार व्यक्ती म्हणून हिशेबनिसाला विचारलं. त्याचे पाय सपाट आहेत. शेजारच्या दातांच्या डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला की तुम्ही तेच ना, घरी सापडलेले.

शेवटी हिला विचारलं. लगेच हो म्हणाली. मी चकित. म्हणाली तिला डोंगर पहिल्यापासून आवडतात. वीस वर्षांत कधी बोलली नाही. (नंतर म्हणाली की दोनदा बोलली होती. मला आठवत नाही.)

खरा हेतू सांगितला. मग तिने विचारलं की वहीत नाव असलं तर. मी म्हटलं, असणारच नाही. तिने विचारलं की असलं तर त्याची माफी मागणार का. मी म्हटलं, तपास सुरू असताना काल्पनिक प्रश्नांना उत्तरं देत नाहीत.

१८ मे

सामान नाही. तंबू, स्टोव्ह, पाठपिशव्या सगळं साडूकडे आहे. हिने परस्पर मागितलं. तो लंगडत येऊन सगळं देऊन गेला. झोपायच्या पिशव्या उन्हात घालून आणल्या होत्या. स्टोव्हची पिन कशी काढायची ते दोनदा दाखवलं. कागदावर वाटेचा नकाशा काढून दिला, पाण्याच्या जागांवर निळे ठिपके. हिच्यासाठी वेगळी कापडी टोपी.

त्याच्याच सामानाने त्याला उघडं पाडणार. सूड घ्यावा तर असा. नकाशा बरोबर आहे का ते तपासलं. बरोबर निघाला. धूर्त आहे.

२४ मे

फाइलचा शेवटचा परिच्छेद लिहिला. चार वेळा खाडाखोड करून आता हवा तसा धारदार झालाय: ‘वरील पुराव्यांवरून सिद्ध होते की एका व्यक्तीने शिखरावर पाऊल न ठेवता शिखराचा बिल्ला मिरवला. सदर व्यक्तीने तो बिल्ला सर्व कुटुंबासमोर उतरवून ठेवावा व सर्वांची माफी मागावी.’

तीनदा मोठ्याने वाचला. अंगावर काटा आला.

७ जून, शनिवार

६.३०. फाटक. त्याच बाई. हिची ओळख करून घेतली, तिच्याकडे सहीची वही दिली, मला दिली नाही.

९.५०. पहिला निवारा. ही चाळीस मिनिटं आधीच पोचली होती आणि तंबू उभा करून बसली होती. मी उभारला असता तर अधिक ताठ झाला असता. मी दोरी ओढून बघितली. तंबू पडला. तिने परत उभा केला.

१२.०५. दुसरा निवारा. गुडघा. डावाच. वर अजून तीनशे मीटर, आणि वाटेत नुसता दगड. विचार केला. तपासणाऱ्याने स्वतः प्रत्येक ठिकाणी जायलाच हवं असं नाही. आम्ही ऑफिसात बाहेरचे सर्व्हेअर नेमतोच. हिला सर्व्हेअर नेमलं. ऑफिसचा झटपट फोटो काढणारा कॅमेरा आणि पाकीट दिलं. कामाची पद्धत नीट समजावली: पानाचा फोटो काढायचा, फोटो जागीच पाकिटात घालायचा, पाकीट बंद करून जोडावर सही करायची. उघडायचं ते थेट सगळ्या पक्षांसमोर. तोवर तपासणाऱ्यानेही बघायचं नाही, नाहीतर पूर्वग्रहाचा ठपका येतो. माझ्या सगळ्या केस या पद्धतीमुळेच उभ्या राहिल्या आहेत.

ही टोपी घालून निघाली. मागे वळून हात केला. बघता बघता ठिपक्याएवढी झाली. मी दोन सँडविच खाल्ली. तिसरं तिच्यासाठी ठेवलं होतं, पण उन्हात खराब झालं असतं.

३.१०. परत आली. तीन तासांत. मी घड्याळ दोनदा बघितलं. कदाचित यंदा वाट सुधारली असेल.

तिचा चेहरा असा मी फार वर्षांनी पाहिला. म्हणाली की वरून दोन सरोवरं दिसतात, आणि वारा इतका की टोपी धरून बसावं लागतं. मग माझ्याजवळ बसली आणि म्हणाली की वहीबद्दल काहीतरी सांगायचंय. मी लगेच थांबवलं. सर्व्हेअरने अहवालाआधी तोंड उघडायचं नसतं. पाकीट बंद आहे ना, सही आहे ना, झालं.

८ जून

उतरताना तिने पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. मी कानांवर हात ठेवले. पायरी चुकली, पाच-सहा फूट घसरलो.

फाटकावर बाईंनी तिला बिल्ला दिला. मला विचारलं, तुमचं नाव वहीत आहे का. मी म्हटलं, माझ्याकडे बिल्ला आहे. बाई कोटाकडे बघत राहिल्या.

१३ जून

उद्या. कोटाला इस्त्री. बिल्ला पॉलिश केला, पुरावा चकचकीत दिसला पाहिजे.

निजण्याआधी ही म्हणाली की एकदाच ऐका, पाकीट नका देऊ. मी म्हटलं, बहिणीच्या नवऱ्याची बाजू घेतेस, स्वाभाविक आहे. ती म्हणाली की मी तुमचीच बाजू घेतेय. आणि दिवा मालवला.

१५ जून, सकाळी

लिहायचं ठरवलं नव्हतं. पण बावीस वर्षं कुठलीच फाइल मी अर्धी सोडलेली नाही.

तीस माणसं होती. केक कापून झाल्यावर मी उभा राहिलो, चार शब्द बोललो आणि फाइल सासऱ्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि खणखणीत आवाजात पहिल्या पानापासून सुरुवात केली. साडूचे बूट, साडूचं गप्प राहणं, सगळं. त्यात माझा जबाब की मी स्वतः दुसऱ्या निवाऱ्याच्या पुढे गेलो नाही. साडू खुर्चीत अवघडून बसला होता. मेहुणीचा चेहरा लाल. इतकं छान चाललं होतं.

मग सासऱ्यांनी पाकीट फोडलं. फोटो डोळ्यांजवळ नेला. पान ९ जूनचं. अक्षर साडूचं. त्यांनी वाचलं:

‘दुपारी १.०५. धुकं. काही दिसत नाही. आम्ही दोघे साडू.’ खाली दोन नावं. आधी माझं. मग त्याचं.

सासऱ्यांनी साडूला विचारलं की हे काय. तो मान खाली घालून म्हणाला की चूक झाली. साडोबांनी स्टोव्ह आणि सगळं पाणी दुसऱ्या निवाऱ्यापर्यंत वाहिलं होतं, आणि मी निघालो तेव्हा ते तिथे पाठ करून बसले होते, ते बघवलं नाही. नाव वहीत असल्याशिवाय फाटकावर हो म्हणता आलं नसतं, म्हणून लिहिलं. आयुष्यात तेवढं एकच खोटं लिहिलं, क्षमा करा.

मी पाठ करून बसलो होतो. हे मला आठवत होतं. कुणी पाहिलं असेल असं वाटलं नव्हतं.

इथे सासऱ्यांनी थांबायला हवं होतं. पण कागद हातात असला की ते थांबत नाहीत. त्यांनी शेवटचा परिच्छेद काढला. शिखरावर पाऊल न ठेवता शिखराचा बिल्ला मिरवणारी व्यक्ती. सर्व कुटुंबासमोर उतरवून ठेवावा. माफी मागावी. माझं लिखाण त्यांच्या आवाजात फारच परिणामकारक वाटलं. वाचून झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्या कोटाकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. पॉलिश चांगलं झालं होतं.

पिन लवकर निघेना. साडू उठून आला आणि त्याने काढून दिली. मी माफी मागितली. आवाज निघाला की नाही ते माहीत नाही. फार लाज वाटली, हे इथे लिहून ठेवतो, कारण तिथे म्हणता आलं नाही.

निघताना बैठकीत बघितलं. साडूची फ्रेम खाली काढली होती. खिळ्यावर हिचा फोटो. दुसऱ्या कुणीतरी वर काढून दिलेला, टोपी हाताने धरलेली, मागे दोन सरोवरं. सासऱ्यांनी तारीख आधीच घातली होती.

१६ जून

फाइल बंद केली. शेरा: दावा खोटा. दावेदार: मी.

ऑफिसात चौघांनी विचारलं, बिल्ला कुठे. पहिल्या दोघांना म्हटलं पॉलिशला दिलाय. तिसऱ्याला खरं सांगितलं. चौथ्याला तिसऱ्याने सांगितलं. कोटाला दोन बारीक भोकं राहिली आहेत, ती जवळून दिसतात.

संध्याकाळी साडूचा फोन. पाय बरा झालाय, पुढच्या महिन्यात तिघं जाऊ का म्हणाला, हळूहळू, वाटेल तिथे थांबत, दोन दिवस लागले तरी चालतील. वर मला साडोबा म्हणाला. त्याच्या या चांगुलपणाचा सूड कसा घ्यायचा तेच कळत नाही.

हिला म्हटलं की जायला काहीच हरकत नाही, पण उजव्या गुडघ्यात सकाळपासून कळ येतेय. ती पाठपिशवीचे पट्टे धूत होती. वर न बघता म्हणाली की आजवर डावा होता.